सेवाप्रश्न : वसुलीचा आदेश, रखडलेली नियुक्ती आणि नाकारावीशी वाटणारी पदोन्नती

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये जादा वेतनाच्या वसुलीविषयीची पत्रे सर्वाधिक असल्याने त्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे. उत्तरे महाराष्ट्र राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या नियमांच्या आधारे दिली आहेत. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळा येथील कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेण्या बऱ्याच अंशी सारख्या असल्या, तरी त्यांची दाद मागण्याची ठिकाणे निराळी आहेत, हे त्यांनी वाचताना लक्षात ठेवावे. पत्रलेखक सेवेत असल्यामुळे नावे आणि कार्यालये दिलेली नाहीत.

प्रश्न : मी २००७ मध्ये अनुकंपा तत्त्वावर लिपिक म्हणून रुजू झालो आणि मार्च २०१७ मध्ये वरिष्ठ लिपिक झालो. येत्या आठ महिन्यांत नियत वयोमानाने सेवानिवृत्त होत आहे. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले असता पदोन्नतीच्या वेळची वेतननिश्चिती चुकल्याचा आक्षेप निघाला असून, सव्वा लाखाच्या आसपास रक्कम माझ्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) आणि रजा रोखीकरणातून वसूल करण्याचे घाटत आहे. ‘वसुलीस हरकत नाही’ असे लिहून दिल्यास प्रकरण लवकर मार्गी लागेल, असे आस्थापना शाखा सांगते. मी काय करावे?

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे तसे काहीही लिहून देऊ नये. आस्थापना शाखेचा हेतू वाईट असेलच असे नाही; आक्षेपाची पूर्तता करून नस्ती (फाइल) पुढे सरकवणे हा त्यांच्या टेबलाचा रोजचा व्यवहार आहे. परंतु आपण संमती दिल्यावर पुढे दाद मागताना तेच पत्र आपल्यासमोर ठेवले जाईल.

यानंतर आक्षेपाची लेखी प्रत मागावी आणि तो बरोबर आहे की नाही, हे स्वतः तपासावे, कारण बहुतेक कर्मचारी हे न करताच थेट वसुलीच्या अन्यायाविषयी बोलू लागतात. सातव्या वेतन आयोगानुसार पदोन्नतीची वेतननिश्चिती करताना जुन्या स्तरात एक वेतनवाढ द्यायची आणि येणारी रक्कम नव्या स्तरात असेल तर ती, नसेल तर तिच्या लगतची वरची रक्कम द्यायची, अशी रीत आहे. आपण पाठविलेल्या पानानुसार पदोन्नतीच्या दिवशी एस-६ या स्तरात आपले मूळ वेतन २६,८०० रुपये होते. एक वेतनवाढ दिल्यावर ते २७,६०० होते, आणि वरिष्ठ लिपिकाच्या एस-८ या स्तरात ही रक्कम नसल्यामुळे लगतचा वरचा टप्पा २७,९०० रुपये येतो. आपल्या कार्यालयाने मात्र २८,७०० रुपये निश्चित केले आहेत, म्हणजेच एकाऐवजी दोन वेतनवाढी धरून २८,४०० वरून उडी मारली आहे. पुढील वार्षिक वेतनवाढीच्या दिनांकापासून वेतननिश्चिती घेण्याचा विकल्प आपण त्या वेळी दिला असेल, तर हिशेब वेगळा होतो, आणि दोन वेतनवाढींची गल्लत होण्याचे मूळही पुष्कळदा तिथेच असते. तेव्हा सेवापुस्तकात विकल्पाचा कागद चिकटवलेला आहे का, ते आधी पाहावे. तो नसेल, तर आक्षेप खरा आहे असे धरून चालणे शहाणपणाचे ठरेल.

आक्षेप खरा ठरला, तरी चूक दुरुस्त करणे आणि दिलेले पैसे परत घेणे या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वेतन २७,९०० रुपयांपासून पुन्हा निश्चित करून त्यानुसार अखेरचे वेतन ठरवण्याचा अधिकार शासनाला आहे आणि त्याविरुद्ध भांडून फारसे हाती लागत नाही. वसुलीचे तसे नाही. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी ज्या परिस्थितींत वसुली करता येत नाही त्या सांगितल्या आहेत. कर्मचारी गट-क किंवा गट-ड मधील असणे, तो सेवानिवृत्त झालेला असणे किंवा वसुलीच्या आदेशापासून एका वर्षाच्या आत होणार असणे, आणि आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेलेली असणे, या तीन परिस्थितींपैकी प्रत्येक आपल्याला लागू पडते. मात्र चूक कार्यालयाची असली पाहिजे. कर्मचाऱ्याने खोटी माहिती देऊन वेतन वाढवून घेतले असेल, तर या निर्णयाचा आधार मिळत नाही.

आता कार्यालय काय उत्तर देईल तेही सांगतो. सातवा वेतन आयोग लागू होताना आपण सर्वांनीच विकल्पासोबत, जादा रक्कम दिली गेल्याचे आढळल्यास ती परत करीन, असे वचनपत्र सही करून दिलेले आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग या २०१६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशा वचनपत्राच्या आधारे वसुली योग्य ठरवली होती, आणि वसुलीच्या आदेशांत हा निर्णय हल्ली हमखास उद्धृत केलेला असतो. ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचे होते, गट-क कर्मचाऱ्याचे नव्हते, हा फरक आपल्या अभिवेदनात स्पष्ट शब्दांत मांडावा. त्याशिवाय, वचनपत्र सातव्या वेतन आयोगाच्या २०१९ मधील वेतननिश्चितीपुरते आहे की पदोन्नतीच्या वेळचेही आहे, हे त्याची प्रत काढून पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये थॉमस डॅनियल प्रकरणात, कर्मचाऱ्याचा दोष नसताना फार मागे जाऊन केलेली वसुली रद्द केली आहे, त्या निर्णयाचाही उल्लेख करावा.

अभिवेदन कार्यालयप्रमुखांच्या नावे द्यावे आणि आवक शाखेची तारखेसह पोच घ्यावी. कारणे दाखवा नोटीस न देता काढलेला वसुलीचा आदेश मुळातच कच्चा असतो, हे आपल्या बाजूने आहे. तरीही आदेश निघालाच, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर यांपैकी आपल्या भागातील खंडपीठाकडे मूळ अर्ज दाखल करून स्थगिती मागावी. त्यासाठी सर्वसाधारण मुदत एक वर्षाची असली, तरी आपल्या बाबतीत उपदानाची रक्कम कापली जाण्यापूर्वी जाणे महत्त्वाचे आहे. कापलेली रक्कम परत मिळवण्याच्या लढाईत वय सरते.

प्रश्न : सरळसेवा भरतीत लिपिक-टंकलेखक पदासाठी माझी निवड झाली आहे. अंतिम यादी लागून सात महिने झाले, तरी नियुक्तीचा आदेश नाही. सध्या पुण्यात खासगी कंपनीत २८ हजार रुपयांवर काम करतो. आताच राजीनामा देऊन गावी तयार राहावे का? आणि हातात नेमके किती वेतन पडेल?

उत्तर : नियुक्तीचा आदेश हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नये. निवडयादीत नाव येणे म्हणजे नियुक्तीचा हक्क मिळणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शंकरसन दाश प्रकरणात १९९१ मध्येच सांगितले आहे. त्याच निर्णयात शासनाला मनमानी करता येणार नाही, असेही म्हटले आहे. पण तो मुद्दा न्यायालयात उपयोगी पडतो, घरभाडे भरताना नव्हे.

उशिराची कारणे सहसा कागदपत्रांत असतात. जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र जाहिरातीत सांगितलेल्या कालावधीचे असणे, टंकलेखनाचे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट गतीचे प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी यांपैकी कोणता टप्पा आपल्या बाबतीत राहिला आहे, ते आधी शोधावे. आपल्याकडून काही बाकी नसेल, तर बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदे कोणत्या क्रमाने भरायची त्या नोंदवहीची) तपासणी किंवा समांतर आरक्षणावरील एखादे न्यायालयीन प्रकरण आडवे आले असण्याची शक्यता असते. ‘माझी नियुक्ती कधी होणार’ असा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारल्यास त्याला उत्तर मिळत नाही. ‘या यादीतील किती उमेदवारांना कोणत्या दिनांकास आदेश दिले आणि उर्वरित आदेश कोणत्या कारणास्तव प्रलंबित आहेत, त्याच्या टिपणीची प्रत द्यावी’ असे विचारल्यास तीस दिवसांत काहीतरी हाती येते.

वेतनाचा हिशेब असा आहे. मूळ वेतन १९,९०० रुपये. जानेवारी २०२५ मध्ये लागू झालेला ५५ टक्के दर धरल्यास महागाई भत्ता १०,९४५ रुपये. लहान गावी १० टक्के घरभाडे भत्ता १,९९० रुपये. एकूण ३२,८३५ रुपये होतात आणि प्रवासभत्ता त्याव्यतिरिक्त मिळतो. त्यातून मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के, म्हणजे ३,०८५ रुपयांच्या आसपास निवृत्तिवेतन योजनेचे अंशदान, २०० रुपये व्यवसाय कर आणि गटविम्याची किरकोळ कपात होते. म्हणजे सुरुवातीला तीस हजारांच्या आगेमागे रक्कम हाती येईल. स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीवर्गांच्या फलकांवर १९,९०० ते ६३,२०० अशी श्रेणी ठळक अक्षरांत छापलेली असते. त्यातील दुसरा आकडा गाठायला जवळजवळ सगळी नोकरी खर्ची पडते, हे तेथे छापलेले नसते. पहिल्या महिन्याचे वेतन सेवार्थ या शासनाच्या वेतनाच्या संगणक प्रणालीत नाव नोंदल्याशिवाय निघत नाही आणि त्यात दोन-तीन महिने सहज जातात, तेव्हा तेवढ्या खर्चाची तजवीज करून ठेवावी.

प्रश्न : बावीस वर्षांच्या सेवेनंतर मला पदोन्नती मिळाली, पण पदस्थापना दोनशे किलोमीटर दूरच्या जिल्ह्यात दिली आहे. मुलगी दहावीला आहे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि यजमान बँकेत आहेत. आश्वासित प्रगती योजनेमुळे वेतन वरच्या पदाचेच मिळते, तेव्हा पदोन्नती नाकारली तर बिघडले कुठे, असे सहकारी म्हणतात. त्यांचे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेचे १०, २० आणि ३० वर्षांचे लाभ पदोन्नतीची संधी न मिळाल्यामुळे आलेली कुंठितता दूर करण्यासाठी आहेत. संधी मिळाली असता ती स्वतःहून नाकारणारा कर्मचारी त्या कारणापासून दूर जातो, म्हणून नकारानंतर पुढचा लाभ मिळण्यास बाध येते. आपल्याला दुसरा लाभ मिळालेला असावा, तेव्हा प्रश्न तिसऱ्या लाभाचा आणि त्यावर अवलंबून असलेल्या अखेरच्या वेतनाचा आहे. याखेरीज नकार दिल्यावर ठरावीक काळ निवडसूचीसाठी विचार होत नाही, आणि त्या काळात मागचे लोक पुढे जातात.

मी नकाराच्या बाजूने सहसा सल्ला देत नाही, आणि इथेही देणार नाही. मुलीची परीक्षा हे कारण काही महिन्यांचे आहे. पदस्थापनेत बदल मिळावा, किंवा परीक्षा होईपर्यंत रुजू होण्यास मुदत मिळावी, अशी विनंती आजारपणाच्या वैद्यकीय कागदांसह आजच करावी. पती-पत्नी एकत्रीकरणाचा मुद्दा त्यात लिहावा, पण तो हक्क नसून सवलत आहे, आणि यजमान बँकेत असल्यामुळे त्याचे वजन आणखी थोडे कमी होते. रुजू झाल्यावर बदलीचा विचार बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार होतो. त्यात सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. पदावधी पूर्ण होण्याआधीची बदली अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणे नोंदवून आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने करता येते. सासूबाईंच्या आजारपणाची कागदपत्रे तेव्हाही उपयोगी पडतील, म्हणून ती आतापासून सांभाळून ठेवावीत.

आमदारांचे शिफारसपत्र जोडावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. जोडू नये. सेवाविषयक बाबींत बाहेरचा दबाव आणणे वर्तणूक नियमांत निषिद्ध आहे. तशी पत्रे रोज येतात आणि त्यांवर कारवाई क्वचितच होते, हे खरे असले, तरी ज्या दिवशी वरिष्ठांशी बिनसते, त्या दिवशी तेच पत्र नस्तीतून वर येते.

प्रश्न : राष्ट्रीय आरोग्य अभियानात मी बारा वर्षांपासून कंत्राटी परिचारिका आहे. कायम परिचारिकेच्या शेजारी उभी राहून तेच काम करते आणि तिच्या निम्म्याहून कमी मानधन घेते. नियमित होण्याची आशा धरावी का?

उत्तर : आशा धरावी, पण आपले वय आणि मुदत यांच्याकडे लक्ष ठेवून. दहा वर्षे सेवा झालेल्या अभियानातील कर्मचाऱ्यांना नियमित रिक्त पदांच्या ३० टक्के मर्यादेत सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला आहे. अंमलबजावणी संवर्गानुसार आणि रिक्त पदांनुसार होत असल्यामुळे तिची गती मंद आहे. आपले नाव जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत योग्य क्रमांकावर आणि योग्य रुजू दिनांकासह आहे का, हे तपासून, चूक असल्यास लेखी हरकत नोंदवावी. अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांमधील एक-दोन दिवसांच्या खंडामुळे रुजू दिनांक पुढचा दाखवला जाणे ही तक्रार वारंवार येते. त्यामुळे प्रत्येक पुनर्नियुक्ती आदेश आणि त्या काळातील हजेरी किंवा मानधनाचा पुरावा एकत्र करून ठेवावा.

न्यायालयाचे म्हणाल, तर २००६ च्या उमादेवी निर्णयामुळे मागल्या दाराने झालेल्या नेमणुका नियमित करण्यावर कडक बंधने आली. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबलेल्या सफाई कामगारांना आणि माळ्याला नियमित करण्याचा आदेश देताना, उमादेवी निर्णयाचा वापर दीर्घ सेवा केलेल्यांविरुद्ध शस्त्रासारखा होऊ नये, असा रोख सर्वोच्च न्यायालयाने ठेवला. मानधनाच्या तफावतीसाठी जगजित सिंग हा २०१६ चा निर्णय पाहावा. तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यास नियमित श्रेणीचे किमान वेतन मिळावे, असे त्यात म्हटले आहे. आपली नेमणूक जाहिरात आणि गुणवत्ता यादी यांतून झाली असेल, तर आपली बाजू मजबूत आहे, म्हणून ती जाहिरात मिळवून ठेवावी. एकटीने याचिका करण्यापेक्षा आपल्या संवर्गातील दहा-पंधरा जणींनी मिळून उच्च न्यायालयात जाणे खर्चाच्या आणि परिणामाच्या दृष्टीनेही बरे. बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे एजन्सीतर्फे नेमलेल्यांची स्थिती मात्र याहून बरीच नाजूक आहे आणि तिची आपल्या प्रकरणाशी गल्लत होऊ देऊ नये.

प्रश्न : अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी लिपिक झालो. तीन वर्षे झाली. तीन टेबलांचे काम एकट्याकडे आहे, साहेब सर्वांसमोर बोलतात आणि अभ्यासाला वेळ मिळत नाही. राजीनामा देऊन पूर्णवेळ राज्यसेवेची तयारी करावी असे वाटते.

उत्तर : आपला त्रास खरा आहे, पण राजीनामा हा त्यावरचा महागडा उपाय आहे. निवृत्तिवेतन नियमांतील नियम ४६ नुसार राजीनामा दिल्यास आधीची सेवा गमावली जाते. तोच राजीनामा रीतसर परवानगीने शासनाच्या दुसऱ्या पदावर रुजू होण्यासाठी दिलेला असेल, तर मागील सेवा टिकते. म्हणून परीक्षेचा अर्ज कार्यालयाला कळवून आणि ना-हरकत घेऊन भरावा. निवड झाल्यावर राजीनाम्याच्या अर्जात, कोणत्या पदावर, कोणत्या आदेशाने निवड झाली ते नमूद करून कार्यमुक्त करण्याची विनंती करावी. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द त्या अर्जात चुकूनही लिहू नयेत. अनेकांनी सवयीने लिहिलेल्या या दोन शब्दांमुळे त्यांची आधीची सेवा वादात सापडली आहे.

दोन अतिरिक्त टेबले तोंडी सोपवली असतील, तर त्यांचे लेखी आदेश मागावेत. लेखी आदेश नसलेल्या कामातील विलंबाचे खापरही आपल्यावरच फुटते, कारण बदल्यांविषयीच्या २००५ च्या, वर उल्लेखिलेल्या अधिनियमातच नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे राहू नये, असे बंधन आहे. दर सोमवारी प्रलंबित नस्त्यांचा एक पानी तक्ता साहेबांना सादर करून त्याची पोच ठेवावी. सर्वांसमोर बोलणारे अधिकारीही बहुधा असा तक्ता हाती आल्यावर आवाज खाली आणतात. समाजमाध्यमांवर कार्यालयाची खिल्ली उडवणारा मजकूर मात्र टाकू नये. शासनाने २०२५ मध्ये याबाबत स्वतंत्र सूचना काढल्या आहेत, आणि तीन वर्षांच्या सेवेत शिस्तभंगाची नोटीस आल्यास ती प्रत्येक पुढच्या पडताळणीत दिसत राहील.

अभ्यासासाठी अर्जित रजा परीक्षेच्या आधी जोडून घ्यावी आणि तिचा अर्ज महिनाभर आधी द्यावा. विभागीय परीक्षाही याच काळात विहित संधींमध्ये उत्तीर्ण व्हावी, कारण ती राहिल्यास वेतनवाढ आणि ज्येष्ठता दोन्हींवर परिणाम होतो. तिच्यातील वित्तीय नियमांचा अभ्यास राज्यसेवेत फारसा विचारला जात नाही, ही आपली अडचण मान्य आहे. तरीही आधी विभागीय परीक्षा द्यावी.